२४ वर्षं साईटवर काढली म्हणजे माणूस एक्स्पर्ट होतो का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मग उत्तर लिहायला बसलो, कारण ह्याचं उत्तर दोन ओळीत दिलं तर तुमच्यावर अन्याय होईल.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. दहावीनंतर हेल्पर म्हणून साईटवर आलात, मग मिस्त्री, मग सुपरवायझर, एकूण २४ वर्षं. गेल्या महिन्यात २६ वर्षांच्या नव्या इंजिनिअरने तुमचा स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी थांबवला. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांचे हूक, म्हणजे टोकं, ९० अंशात वळवले होते आणि गॅलरीच्या सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी (सळई प्लेटेपासून वर धरणारा छोटा ठोकळा) खडी होती. मालकाने त्याचं ऐकलं. तुम्ही विचारताय की १० हजार तासात माणूस एक्स्पर्ट होतो म्हणतात, माझे तर ६० हजार तास झाले, मग मी एक्स्पर्ट नाही का? आणि आता स्वतःचं रिपेअरिंग कन्सल्टिंगचं काम सुरू करावं का, आणि त्या पोराशी आता वागायचं कसं.

मी डिप्लोमा करून १९८९ ला साईटवर गेलो, बांधकामं केली, आणि गेली बरीच वर्षं पुण्यात जुन्या बिल्डिंगांचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि रिपेअर हेच करतोय, म्हणजे लोकांनी २०-२५ वर्षांपूर्वी भरलेले स्लॅब उघडून बघायचे हा माझा धंदा. म्हणून माझं मत एका ठराविक बाजूने आलेलं आहे हे आधीच सांगतो. डॉक्टर, वकील, स्वयंपाकी यांच्याबद्दल मला बोलता येणार नाही, आपल्या कामाबद्दल बोलतो.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न अनुभव मोठा की डिग्री मोठी हा नाहीच. खरा प्रश्न असा आहे की २४ वर्षांत तुमच्या चुका तुमच्यापर्यंत परत आल्या का? ज्या कामातली चूक त्याच दिवशी, त्याच आठवड्यात अंगावर येते त्या कामात वर्षं गेली की माणूस खरंच तयार होतो, त्याला कुठल्या कागदाची गरज नसते. आणि ज्या कामातली चूक १५ वर्षांनी दिसते, तेव्हा आपण चौथ्या साईटवर असतो, ती चूक दुसऱ्याच कोणालातरी सापडते, तिथे ४० वर्षं काढली तरी आपण होतो तिथेच राहतो, फक्त आत्मविश्वास वाढत जातो. आणि गंमत नाही, गंभीरपणे सांगतो, ही दोन्ही कामं एकाच स्लॅबमध्ये शेजारी शेजारी असतात.

सेंट्रिंगचं बघा, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणारा प्लेटा आणि टेकूंचा साचा. प्लेट कुठे फुगणार, कुठला टेकू बसणार, कुठे माल गळणार हे सेंट्रिंगवाल्याला भरताना तासाभरात कळतं, चुकलं तर रात्री सगळ्यांना थांबून निस्तरावं लागतं. असं दहा वेळा झालं की डोळा तयार होतो. मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींबरोबर काम केलंय, ते स्लॅबखाली नुसते फिरायचे, एखाद्या टेकूवर तळवा ठेवायचे आणि म्हणायचे "ह्याला पाचर मारा". मला तिथे काहीच वेगळं दिसायचं नाही. मी लेव्हल लावून बघायचो आणि दर वेळी टेकू सैल किंवा तिरका निघायचा. व्हायब्रेटरचा आवाज बदलला की ते न बघता ओरडायचे "काढ बाहेर". मिक्सरमधून माल घमेल्यात कसा पडतो त्यावरून पाणी जास्त झालं हे सांगायचे, मी कोन लावून स्लंप घ्यायचो, म्हणजे माल किती पातळ आहे ते मोजायचो, बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. हा माणूस एक्स्पर्ट होता की नाही? होता, माझ्या मते शंभर टक्के होता, सही अंगठ्याची असली तरी.

आता तोच माणूस, तोच स्लॅब, पण कव्हर, म्हणजे सळईवर बाहेरून किती जाड काँक्रीट आहे ते. त्यांचं ठाम मत होतं की सळईखाली खडी सरकवली की झालं, "आजवर कुठला स्लॅब पडला का माझा?" आणि मीही मानलं. हे १९९५ चं काम, चार मजली सोसायटी. २०११ ला तीच सोसायटी माझ्याकडे ऑडिटला आली. गॅलऱ्यांच्या खालच्या बाजूला तडे, दोन ठिकाणी काँक्रीटचे पोपडे पडलेले, एक पोपडा पार्किंगमध्ये स्कूटरवर पडला म्हणून सेक्रेटरी घाबरून आले होते. मी हातोडीने ठोकत गेलो, घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं आणि सुटलेलं बद्द वाजतं, अर्ध्या गॅलऱ्या बद्द वाजत होत्या. मग एक जागा फोडली आणि फिनॉल्फ्थॅलिन मारलं. हे रंग नसलेलं औषध असतं, चांगल्या काँक्रीटवर मारलं की गडद गुलाबी होतं, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कमुळेच आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साईड हळूहळू आत शिरून ते अल्क मारत जातो, जिथवर मेलं तिथवर रंग येत नाही. मी पट्टी लावली. पृष्ठभागापासून २० एमएम आतपर्यंत रंगच नाही. आणि सळई होती १० एमएमवर. खडी सरकली होती, सळई खाली बसली होती.

इथे एक हिशोब नीट समजून घ्या, हा मला कॉलेजात शिकवला होता पण त्या दिवशी कळला. हे कार्बनेशन वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत जातं. १६ वर्षांत २० एमएम गेलं म्हणजे १० एमएमला ते साधारण चौथ्या वर्षीच पोचलं होतं. कव्हर निम्मं झालं तर सळईचं संरक्षण निम्मं होत नाही, पाव होतं! म्हणजे १९९९-२००० पासून ती सळई उघडी पडल्यासारखीच होती, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, तो आतून काँक्रीट फोडत राहिला, आणि आम्ही दोघं तेव्हा दुसरीकडे स्लॅब भरत होतो आणि तिथेही खडीच सरकवत होतो. मधल्या वर्षांत मी किती ठिकाणी हे केलं ते आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही. मिस्त्री तोवर गावी गेले होते. त्यांच्यापर्यंत ती चूक कधीच पोचली नाही, ते आयुष्यभर "माझा एक स्लॅब पडला नाही" म्हणत राहिले आणि ते खोटंही नव्हतं.

गॅलरीचं आणखी एक, कारण तुमच्या साईटवर थांबवलेला स्लॅब गॅलरीचाच आहे. गॅलरी भिंतीबाहेर लोंबते, म्हणून तिची मेन सळई वरच्या बाजूला लागते. भरताना घमेली घेऊन माणसं त्या जाळीवरून चालतात, सळई दबते. समजा १२५ एमएमचा स्लॅब, सळई तळापासून १०० एमएमवर पाहिजे होती आणि ती दबून ६० वर आली, तर त्या गॅलरीची ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते. वरून फिनिशिंग एकदम छान, प्लेटा काढल्या तरी उभी, मालक खूश, मिस्त्रीला पैसे मिळाले. डोळ्यांना यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. चेअर (वाकवलेल्या सळईचे छोटे स्टँड) लावून सळई वर धरायला आणि चालायला फळ्या टाकायला जास्तीत जास्त अर्धा दिवस लागतो.

आणि रिंगांचे हूक. तुम्हाला वाटतंय की ९० काय आणि १३५ काय, रिंग रिंग असते. रोजच्या वजनाला खरंच फारसा फरक पडत नाही, म्हणूनच २४ वर्षांत तुम्हाला फरक दिसला नाही. भूकंपात कॉलमचं बाहेरचं कव्हर निखळलं की ९० अंशाचा हूक उघडतो, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर वाकतात, कॉलम बसतो. १३५ अंशाचा हूक आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेला असतो, तो धरून ठेवतो. आयएस १३९२० मध्ये, म्हणजे भूकंपाला टिकणाऱ्या आरसीसीच्या भारतीय कोडमध्ये, हे १९९३ पासून लिहिलेलं आहे. २६ जानेवारी २००१ ला भूज हलला तेव्हा २०० किलोमीटरहून लांब अहमदाबादेत आरसीसीच्या बिल्डिंगा पडल्या, त्याही कुणी अनाडी माणसांनी बांधलेल्या नव्हत्या.

हा मुद्दा माझ्या मनात पक्का बसला तो किल्लारीच्या भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाट व्हायची होती. नंतर पुनर्वसनाच्या कामावर मी काही महिने तिकडे होतो. तिथली जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती, चिखलात बांधलेल्या, वर लाकडावर मातीचं माळवद. गळायला लागलं की पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची, असा थर पिढ्यानपिढ्या वाढलेला. उन्हाळ्यात घर गार, बांधणारे गवंडी आजोबा-पणजोबांपासून तेच करणारे. त्यांच्या हाताला काय कमी अनुभव होता? पण भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर एकत्र बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता, कारण तो नसल्याची शिक्षा त्यांना कधी मिळालीच नव्हती. तो भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, म्हणजे नकाशा करणाऱ्या शिकलेल्या लोकांनाही तेवढंच माहीत होतं. भिंती फुगून फुटल्या, माळवदं खाली आली, १० हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथल्या एका गवंड्याने मला विचारलं होतं, "साहेब, आम्ही चुकीचं बांधत होतो हे सांगायला कोण आलं होतं कधी?" मला काही उत्तर देता आलं नाही.

आता १० हजार तासांचं. हा आकडा जिथून आला तो १९९३ चा अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा. त्यातले तास हे नुसते वाजवण्याचे नव्हते, एकट्याने बसून जिथे चुकतंय तेच पुन्हा पुन्हा सुधारण्याचे होते, आणि १० हजार ही सरासरी होती, पास होण्याची रेषा नव्हे. व्हायोलिनचा सूर चुकला तर त्याच क्षणी कानाला कळतं. आपल्या क्यूबचा, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा, रिझल्ट २८ दिवसांनी येतो, ऑफिसात येतो, फाईलला लागतो. दादा, तुमच्या हातून भरलेल्या किती स्लॅबचे क्यूब रिपोर्ट तुम्ही डोळ्यांनी बघितलेत? बहुतेक सुपरवायझरांना कोणी दाखवतच नाही, ह्यात तुमची चूक नाही, पण ह्याच कारणाने तुमच्या ६० हजार तासांतले फार थोडे तास तुम्हाला शिकवून गेले.

अनुभव शिळाही होतो, हेही धरा. तुम्ही मिस्त्रींकडून शिकलात की ७ दिवसांनी छोट्या स्लॅबचे टेकू काढायचे. तो नियम आयएस ४५६ मध्येच, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडमध्येच आहे, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४, पण तो ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी. आता तुमच्या गोदामातल्या गोण्या बघा, बहुतेक पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट असेल. पीपीसी सावकाश ताकद धरतं, त्याला पाणीही जास्त दिवस मारावं लागतं, कोडप्रमाणे ओपीसीला निदान ७ दिवस तर फ्लाय अ‍ॅश वगैरे असलेल्या सिमेंटला निदान १०, आणि कडक उन्हात १४. गोणीवरची अक्षरं बदलली, ७ दिवसांचा हिशोब तोच राहिला.

ह्याचा अर्थ तो इंजिनिअर पोरगा एक्स्पर्ट आहे असं मी म्हणत नाहीये. त्याला कोड माहितीये, त्या दिवशी त्याचं बरोबर होतं आणि मालकाने त्याचं ऐकलं ते योग्य केलं, हे तुम्हाला कडू लागेल पण मी सांगणारच. मात्र उद्या त्याला एकट्याला ३०० स्क्वेअर मीटरचा स्लॅब भरायला उभा करा, संध्याकाळी ५ ला पंप बंद पडल्यावर भरणं कुठे थांबवून जॉईंट सोडायचा आणि ४० माणसं कशी हलवायची हे त्याला सुचणार नाही, ते तुम्हाला सुचेल.

माझंही सांगतो. ऑडिटच्या कामात १० वर्षं झाल्यावर मला वाटायला लागलं की कॉलम ठोकला की मला ताकद कळते. मग मी एक सवय लावली, कोअर, म्हणजे लॅबमध्ये तपासायचा काँक्रीटचा तुकडा, कापायच्या आधी वहीत माझा अंदाज लिहायचा आणि लॅबचा आकडा आला की शेजारी लिहायचा. पहिल्या वर्षाची पानं बघून मला धक्का बसला, जुन्या कॉलमांना मी सारखा जास्त आकडा देत होतो. कारण नंतर लक्षात आलं, कार्बनेशन झालेला पृष्ठभाग टणक होतो, खणखणीत वाजतो, रिबाउंड हॅमरसुद्धा (पृष्ठभागावर आपटून टणकपणा मोजणारं उपकरण) तिथे जास्त रीडिंग दाखवतो, आणि आत माल कमजोर असू शकतो. त्याआधीची १० वर्षं मी तेच चुकीचं ऐकत होतो आणि त्यालाच अनुभव म्हणत होतो. वही केल्यावर दोन-अडीच वर्षांत अंदाज जवळ यायला लागले. आजही वही चालू आहे.

"प्रोफेशनल" हा शब्दही तुम्ही वापरलाय, तो मी वेगळा धरतो. कोर्टात एक्स्पर्ट म्हणून उभं राहायला कायद्याने डिग्रीच पाहिजे असं लिहिलेलं नाही, आधीच्या १८७२ च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम ४५ आणि आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाचं कलम ३९, दोन्हीत विशेष कौशल्य असलेली व्यक्ती एवढंच आहे. पण तिथे उलटतपासणीत विचारतात, हे मत कशावरून दिलं? तेव्हा "२४ वर्षं करतोय" एवढं बोलून चालत नाही. मोजलं काय, कुठे, कशाने, आणि कुठल्या गोष्टीबद्दल मी बोलू शकत नाही, हे सांगता आलं पाहिजे. माझ्या डोक्यात प्रोफेशनल म्हणजे हाच माणूस, जो कारण सांगतो, लिहून ठेवतो, सही करतो आणि चुकलं तर त्या सहीमागे उभा राहतो.

त्यामुळे कन्सल्टिंगबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे, आत्ता करू नका. हाऊसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या बिल्डिंगला ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, काम भरपूर आहे, पण रिपोर्टवर मान्यताप्राप्त इंजिनिअरचीच सही चालते आणि ते बरोबरच आहे. कुठल्या गॅलरीखालून लोकांनी जायचं आणि कुठल्या नाही हे सांगण्याची जबाबदारी आहे ती. रिपेअरची कामं घ्यायची असतील तर मात्र जरूर घ्या, एखाद्या चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हाताखाली. चांगला रिपेअर सुपरवायझर मिळत नाही अशी आमची सगळ्यांची रड आहे. सरकारच्या स्किल योजनेत आरपीएल म्हणून प्रकार आहे, आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, तेही करून घ्या. त्याने ज्ञान वाढणार नाही पण दार उघडतं.

त्याच्याही आधी एक करा. तुम्ही १०-१५ वर्षांपूर्वी भरलेल्या पाच बिल्डिंगा आठवा आणि एखाद्या रविवारी तिथे जा. वॉचमनला सांगा, हे मी बांधलंय, जरा बघतो. गॅलरीची खालची बाजू, खिडक्यांवरचे छज्जे, बाथरूमखालचा स्लॅब, गच्चीवरच्या टाकीचे कॉलम. सळईच्या रेषेत तडा आहे का, गंजाचे डाग आहेत का, ठोकल्यावर बद्द वाजतं का. कोणत्या साली, कोणाच्या हाताने, कव्हरला काय वापरलं होतं, पाणी किती दिवस मारलं होतं, जेवढं आठवेल तेवढं लिहा. एखादी बिल्डिंग ठणठणीत निघेल, तिथे काय वेगळं केलं होतं तेही लिहा. आणि चालू साईटवर प्रत्येक स्लॅबचा क्यूब रिपोर्ट मागून घ्या, हक्काने मागा, भरताना स्वतःचा अंदाज लिहून ठेवा. दोन वर्षं केलंत तर ह्या २४ वर्षांचं सोनं होईल, कारण माल तुमच्याकडे आहेच, तो कधी तपासला गेला नाही एवढंच. मला हे फार मनापासून वाटतं, कारण तुमच्यासारखा माणूस शिकला तर त्याच्या हाताखालची ३० पोरं शिकतात, आणि माझ्यासारख्याने १०० रिपोर्ट लिहिले तरी ते कपाटातच जातात.

त्या इंजिनिअरशी कसं वागू म्हणालात. त्याला चहाला बोलवा आणि हूक १३५ का ते कागदावर काढून दाखवायला सांगा, तो खूश होऊन सांगेल. मग त्याला स्लॅबखाली न्या आणि टेकू हाताने कसा बघायचा ते दाखवा. पुढच्या स्लॅबला गॅलरीच्या सळईपाशी त्याला उभा करा, फळ्यांवरूनच माणसं चालतायत का हे तो बघेल, आणि तुम्ही खाली टेकूंत राहा.